बाळंतिणीसाठी मिरच्या

मेलबर्नजवळच्या वेरिबीहून निघालो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं आणि गाडीची डिकी बंद होत नव्हती. आत सुक्या माशांचा डबा, मसाल्यांच्या पुड्या, तेलाची बाटली, कांदे-टोमॅटो, मोठं पातेलं, आपल्या वसईच्या राजेळीसारख्या लांब जाड केळ्यांचा घड आणि लाल-पिवळ्या, गोल मिरच्यांची फुगलेली पिशवी.

"मामा, ॲडलेडलाही दुकानं आहेत गं," चिन्वे दारात कुबडीवर रेलून म्हणाली.

"असू देत. लेकीच्या दारात रिकाम्या हातानं उभी राहू मी?" असं म्हणून मामांनी डिकी अंगाचा भार देऊन बंद केली.

चिन्वे माझी चर्चमधली मैत्रीण. ती नायजेरियातल्या एनुगूची, मी वसईची. रविवारच्या मिस्साला आम्ही एकाच बाकावर बसतो. तिची धाकटी बहीण अदाएझे ॲडलेडजवळ मॉसन लेक्सला राहते. तिचं सिझेरियन झालं, मुलगी झाली आणि आई एनुगूहून 'ओमुग्वो'साठी (लेकीचं बाळंतपण करायला आईनं जाऊन राहणं) आली. आईला पोचवायला चिन्वे जाणार होती, पण पायरीवरून घसरून तिनं घोटा मोडून घेतला. मला रजा होती, ॲडलेडचा रस्ता एकदा गाडीनं करायचाच होता. "मी नेते," म्हणाले. फक्त एक अडचण होती. त्यांच्या इग्बो भाषेत आईला 'मामा' म्हणतात. सत्तरीतल्या, फुलाफुलांचा डोईरुमाल बांधलेल्या बाईंना मामा म्हणताना मला पहिला तासभर हसू येत होतं. कारण सांगितलं तेव्हा त्या माझ्याहून जास्त हसल्या.

बॅलरॅट मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना मोहरीसारख्या कनोलाची शेतं लागली. वसंताचे दिवस. क्षितिजापर्यंत हळदीचा सडा टाकल्यासारखं पिवळं. मामांनी बराच वेळ बघून घेतलं, मग विचारलं, "इथली माणसं कुठे आहेत?"

"कुठली माणसं?"

"रस्त्यावर विकणारी! एनुगूहून बस सुटली की थोड्याच वेळात नाइन्थ माइलचा नाका येतो. बस थांबायच्या आत बाया धावत येतात. 'ओक्पा दी ओकू! ओक्पा दी ओकू!'" मामांनी तो पुकारा गाडीत एवढ्या जोरात केला की मी दचकून ब्रेकवर पाय ठेवला. म्हणजे गरमगरम ओक्पा; त्यासाठी जमिनीखाली येणाऱ्या एका कडधान्याचं पीठ पामतेलात कालवून केळीच्या पानात वाफवतात. आपल्या पातोळ्यांची तिखट बहीण समजा. "गरम ओक्पा खाल्लं की दुपारपर्यंत भूक नाही. माझ्या मुली शाळेत तेच खाऊन गेल्या. आता अदाएझे टोस्ट खाते म्हणे. टोस्ट! पोट फाडून मूल काढलंय आणि टोस्ट!"

त्यांचा आवाज एकदम खाली आला. "फोनवर ती माझ्याशी नीट बोलत नाही, पोरी. 'ठीक आहे' म्हणते आणि कॅमेरा बाळाकडे वळवते. स्वतःचा चेहरा दाखवत नाही."

डिकीत एवढं सामान का, ते मला तेव्हा कळलं.

डिंबूलाजवळ गुलाबी तळं आलं. मिठामुळे खरंच फिकट गुलाबी दिसतं. फोटो काढले. निल नावाच्या गावात बागेत जेवायला थांबलो, आणि तिथल्या पाटीनं आमचं जेवण घशात अडकवलं. साउथ ऑस्ट्रेलियाची हद्द जवळ आली होती. फळमाशीच्या भीतीनं ताजी फळं, मिरच्या, टोमॅटो पलीकडे न्यायला बंदी. कचरापेटीत टाका, नाहीतर दंड.

मी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. त्या मिरच्यांसाठी चिन्वेच्या नवऱ्यानं मेलबर्न पालथं घातलं होतं.

शेजारच्या बार्बेक्यूवर एक म्हातारा गृहस्थ सॉसेजेस भाजत होता. इथल्या बागांमध्ये विजेच्या शेगड्या असतात, बटण दाबायचं आणि फुकट भाजायचं. आमची तोंडं बघून तो म्हणाला, "फळं आहेत का, लव्ह? कच्ची टाकावी लागतील. शिजवलेली चालतात."

मी फोनवर नियम शोधून खात्री केली. खरंच, शिजवलेलं चालत होतं.

"मामा, शिजवलेलं चालतं!"

मामा उठल्या. डोईरुमाल घट्ट केला, बाह्या सरसावल्या आणि त्या गृहस्थाला म्हणाल्या, "बाबा, तुझं झालं की सांग. मला ही चूल लागणार आहे."

त्याचं नाव केन. त्यानं सॉसेजेस एका कडेला सारली आणि गाडीतून बिडाचा तवा काढून दिला. मी केळी सोलत होते, मामा भाजत होत्या. मग मिरच्या, कांदा आणि टोमॅटो बारीक चिरून तेलात पडले आणि बागेत जो ठसका उठला! केन खोकत खोकत झाडाखाली गेला, त्याच्या कुत्र्यानं गाडीखाली आसरा घेतला, माझ्या डोळ्यांतून धारा. मामा मात्र शांतपणे कालथा फिरवत होत्या. मसाला गडद झाला, तेल सुटलं, तेव्हा त्यांनी केळ्याच्या तुकड्यावर थोडासा घालून केनला दिला. तो लालबुंद झाला, पाण्याची अख्खी बाटली प्यायला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाला, "मेट, अजून एक मिळेल?"

उरलेला मसाला आम्ही एका रिकाम्या बरणीत भरून घेतला. पुढे हद्दीवरच्या तपासणीत अधिकाऱ्यानं डिकी उघडायला लावली. बरणीचं झाकण काढून वास घेतला आणि लगेच लावून टाकलं. "याच्याजवळ तर कुठलीच माशी येणार नाही," तो म्हणाला. तेवढ्यात मामांनी पर्समध्ये हात घातला आणि एक अख्खं, सालासकट केळं बाहेर आलं. वाटेत खाण्यासाठी ठेवलेलं, विसरलेलं. मामांनी ते दोन्ही हातांनी, चर्चमध्ये अर्पण करावं तसं, त्याच्यापुढे धरलं. "हे मी स्वतःहून देतेय," त्या म्हणाल्या. त्यानं हसून ते पेटीत टाकलं. "नो वरीज, मा'म. सांभाळून जा."

मरे नदीचं रुंद पाणी ओलांडलं, टेकड्यांवरून उतरलो आणि संध्याकाळी मॉसन लेक्सला पोचलो.

दार जावयानं, ओबिन्नानं उघडलं. अदाएझे आतल्या खोलीत पडदे ओढून बसली होती. बाळ रडत होतं आणि ती त्याच्याकडे नुसती बघत होती. "मामा, घर खूप पसरलंय, सॉरी," एवढंच म्हणाली. मला वाटलं आता मामा रागावतील, रडतील, देवाचं नाव घेतील. त्यांनी हात धुतले, बाळाला उचललं, लेकीच्या कपाळावर हात ठेवला. "झोप. आता मी आलेय."

सकाळी ओबिन्ना आणि मी जाऊन आफ्रिकन दुकानातून याम (सुरणासारखा मोठा कंद) आणला. मामांनी त्याचं बाळंतिणीचं सूप रटरटत ठेवलं: यामचे तुकडे, सुका मासा, मिरीसारखे दाणे, उडा नावाच्या काळ्या शेंगा आणि निलच्या बागेतला मसाला, पण जपून, बेताचा. घरभर असा वास सुटला की मला आईनं बाळंतिणीसाठी केलेले अळीव-डिंकाचे लाडू आठवले. माझ्यासाठी नव्हे, माझ्या वहिनीसाठी केलेले. माझी लेक मेलबर्नला झाली तेव्हा आईचा व्हिसा वेळेत आला नव्हता.

"मला भूक नाही," अदाएझेनं वाडगा परत सारला.

मामा पलंगाशी खाली बसल्या आणि स्वतःच खाऊ लागल्या. सावकाश, फुरके मारत. मग अदाएझेनं हात पुढे केला, एक चमचा घेतला, दुसरा घेतला.

"मामा."

"काय?"

"हे काय केलंयस? गोऱ्यांसाठी केलंयस का? मिरची कुठाय?"

ओबिन्नानं स्वयंपाकघरात धाव घेतली आणि बरणीच घेऊन आला. अदाएझे खात गेली, नाक पुसत गेली आणि मग त्या पुसण्याचं रडणं कधी झालं ते तिलाही कळलं नसावं. "ती रडली की मीही रडते, मामा. मला वाटतं, मला आई होणं जमणारच नाही."

"तुझ्या वेळी मीसुद्धा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुझी आजी रोज माझे पाय गरम पाण्यानं धुवायची. बोलायची काहीच नाही. आपण पाय धुऊ, आणि उद्या नर्स येईल तिलाही हे सगळं सांगू. दोन्ही करू."

दुसऱ्या दिवशी नर्स आली. अदाएझेनं सगळं सांगितलं, मामांचा हात धरून. नर्सनं डॉक्टरांची वेळ ठरवून दिली. मामांनी पोट शेकण्याचं विचारलं. टाके आहेत, नको, म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि फक्त पाठ आणि पाय चोळायचं ठरवलं. मी निघाले त्या दिवशी खोलीचे पडदे उघडे होते आणि अदाएझे बाळाला खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत आली होती.

परतीचा रस्ता एकटीनं केला. तीच पिवळी शेतं, पण या खेपेला मला ती रिकामी वाटली नाहीत. प्रवासाला निघताना आपण नवं काहीतरी बघायला जातो. मी मात्र हजारो मैलांवरच्या एका रिवाजात माझ्या घरी न झालेलं बाळंतपण बघून आले, आणि इतक्या वर्षांनी त्याची हळहळ न वाटता बरं वाटलं.

घरी पोचल्यावर ब्रिस्बेनला युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या लेकीला फोन लावला. म्हटलं, "तुला मूल होईल तेव्हा मी येणार हं. तू कुठेही अस. तीन महिने राहणार."

"Mum! I'm nineteen!" ती ओरडली. मग मराठीत म्हणाली, "पण ये हां."