कच्च्या शिलाईचे मास्तर

आपण शिवलेला कपडा फाटून परत आला की खूश होणारा शिंपी मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे टेलर मास्तर. त्यांना नाव होतं, आधार कार्डावरही असेल, पण घरच्या काकूंपासून तहसीलच्या शिपायापर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. नांदगाव खंडेश्वरला स्टँडकडून बाजाराकडे वळलं की त्यांचं दुकान. एखाद्याची पँट उसवली की तो तणतणत यायचा. मास्तर खाली मान घालून शिवून द्यायचे आणि वर चार शब्द ऐकून घ्यायचे. पण कबड्डीच्या संघातला कोणी बगलेपासून कमरेपर्यंत फाटलेली जर्सी घेऊन आला, की मास्तरांचा चेहरा खुलायचा. "फाटली? मंग सुटला ना तू?" एवढंच विचारायचे. तो हो म्हणाला की समोरच्या टपरीवर चहा सांगायचे.

गावातल्या कबड्डीच्या तीन पिढ्यांचे कपडे मास्तरांनी शिवले. कबड्डी मंडळाची कागदपत्रं कधीच वाळवीने खाल्ली होती. कोणत्या साली कोण खेळला याचा पुरावा उरला होता तो फक्त मास्तरांच्या मापाच्या वह्यांत. संध्याकाळी दुकानापुढच्या बाकावर आम्ही जुने खेळाडू बसायचो आणि रोज एकच वाद घालायचो, गावाची सगळ्यात चांगली टीम कोणती. कोणी फार फेकायला लागला की मास्तर मशीन थांबवत, वही काढत आणि सांगत, "त्या वर्सी तुयं माप नाई घेतलं मी. तू तवा मुंबईले होता." तो गडी पुढे आठ दिवस बाकावर फिरकायचा नाही.

मापं घ्यायची त्यांची रीत जगावेगळी होती. छातीचं माप ते दोनदा घ्यायचे. एकदा श्वास भरून, एकदा सोडून. दोन्ही आकडे वहीत लिहायचे आणि मधल्या फरकाखाली रेघ मारायचे. जर्सीला या फरकाचा काही उपयोग नव्हता. पण मास्तरांच्या मते कबड्डी खांद्यात नसते, मांडीत नसते, ती या दोन आकड्यांच्या मधे असते. चढाईला गेलेल्या माणसाने कबड्डी कबड्डी म्हणत दम टिकवायचा, तो दम टेपने मोजता येतो असा त्यांचा ठाम विश्वास होता. "मानूस खोटं बोलंन, टेप नाई बोलत," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी आम्हालाही खरं वाटायला लागलं.

वादाला बाजू तीन. पहिली शामरावभाऊंच्या टीमची. ही मंडळी काळ्या मातीत, अनवाणी, चड्डी-बनियनवर खेळली आणि अकोल्याहून कप घेऊन आली. शामरावभाऊंचे खांदे इतके रुंद की मास्तरांना त्यांच्यासाठी पाठीला जोड द्यावा लागे. ते कोपऱ्यात उभे राहिले की समोरचा गडी त्या बाजूला चढाईच करत नसे. तिसरी बाजू हल्लीच्या मॅटवाल्या पोरांची. टीव्हीवर कबड्डी आली, जिल्ह्याच्या गावी मॅट आली, बूट आले आणि ही पोरं बघता बघता चपळ झाली. मास्तरांचं त्यांच्याबद्दलचं मत एका ओळीत होतं, की यांच्या चड्डीला कापड जास्त लागतं आणि बनियनला कमी. मधली बाजू आमची. आम्ही एकही मोठा कप आणला नाही. अकोल्याच्या फायनलला एका गुणाने हरलो, आणि तेव्हापासून ती फायनल आम्ही रोज बाकावर पुन्हा खेळत होतो.

कप आणलेली टीम पहिली, हे उघड होतं. पण मास्तर इतकी वर्षं आमच्याच टीमला पहिला नंबर देत आले. शामरावभाऊ त्यावरून रुसले, मॅटवाली पोरं हसली, मास्तर हटले नाहीत. आणि सगळ्या काळातला सगळ्यात चांगला खेळाडू कोण, तर आमचा दिगांबर. दिगूच्या छातीचा फरक साडेतीन इंच. वह्यांच्या तीन पिढ्यांत तेवढा दुसऱ्या कोणाचा नाही. मला अर्थातच हा निकाल पटायचा. आपल्या बाजूने लागलेला निकाल कोणाला पटत नाही?

ती फायनल मी सांगतो. मी बाद होऊन रेषेबाहेर बसलो होतो. शेवटची चढाई दिगूची. त्याने दोन गड्यांना हात लावला, वळला, मध्यरेषा हातभर राहिली आणि मागून कोणाची तरी मूठ त्याच्या जर्सीत बसली. कपडा धरणं नियमात बसत नाही, पण त्या घोळक्यात पंचाला दिसलं तर ना. जर्सी ताणली, फाटली नाही. दिगू आडवा झाला, अंगावर चार जण पडले आणि खेळ संपला. त्या दिवसापासून आमच्या गावाने अकोल्याच्या त्या संघाला शिव्या दिल्या. मी शाळेत शिक्षक झालो, पोरांना कबड्डी शिकवायला लागलो, आणि दर वर्षी पहिल्या तासाला त्यांना सांगत आलो की आपल्याला कसं फसवलं.

आमच्या मास्तरांनी मात्र अकोल्याला एक अक्षर दूषण दिलं नाही. त्यांनी गुपचूप शिलाई बदलली. त्या वर्षीच्या जर्सीला त्यांनी हौसेने दुहेरी शिलाई मारली होती. परतीच्या जीपमध्ये लोक त्यांचं कौतुक करत होते, की गडी पडला पण मास्तरचा टाका हलला नाही. बिचारे मास्तर ते ऐकत बसले होते. पुढच्या सालापासून चढाई करणाऱ्यांच्या जर्सीची बगलेखालची शिलाई त्यांनी लांब, कच्च्या टाक्याची केली. कोणी धरलं की फाटली पाहिजे आणि गडी सुटला पाहिजे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आम्ही समजत होतो, वयानं हात ढिला पडला.

हे उघडं पडलं ते दिगूच्या पोरीमुळे. दिगू आता भाजीपाला पिकवतो आणि अमरावतीच्या बाजारात नेतो. त्याची वैष्णवी माझ्या शाळेत. यंदा पहिल्यांदाच आम्ही मुलींचा संघ उभा केला आणि अकोल्याच्या स्पर्धेत नाव दिलं. मापं काकूंनी आत घेतली, मास्तरांनी बाहेर बसून लिहून घेतली. वैष्णवीचा फरक ऐकून त्यांनी पेन थांबवलं. बापापेक्षा अर्धाच इंच कमी. मग ती पोरगी बाहेर आली आणि बापाचाच सरळ स्वभाव घेऊन बोलली. "आजोबा, मायी शिलाई पक्की मारा. पोट्ट्याईचं फाटते ते मले मालूम हाय. माया टी-शर्ट लोकाईसमोर फाटला, त मी दुसऱ्या दिवसी मैदानात येनार नाई."

मास्तर हो म्हणाले आणि पुढचे चार दिवस त्यांनी कापडाला कात्री लावली नाही. स्पर्धा तोंडावर आलेली. मी रोज चक्कर मारायचो, ते रोज उद्या म्हणायचे. पाचव्या दिवशी मी जरा आवाज चढवला, तर म्हणाले, दिगूला घेऊन ये. दिगू वांगी उतरवून रिकामी क्रेट गाडीत टाकत होता, तसाच आला. मास्तरांनी त्याला बाकावर बसवलं, स्वतः उभे राहिले आणि सगळं सांगितलं. दुहेरी शिलाई, जीपमधलं कौतुक, नंतरचे कच्चे टाके, सगळं. म्हणाले, तुझा कप मी घालवला. आता पोरीला पक्की शिलाई मारली तर तिचाही घालवीन, आणि कच्ची मारली तर तिची अब्रू जाईल. माझा हात चालत नाही.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना एवढ्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं.

"मास्तर," दिगू म्हणाला, "माया दम तुटला होता."

मास्तरांना अर्थ लागला नाही. दिगूने पुन्हा सांगितलं. "दुसऱ्या गड्याले हात लावला अन् दम गेला. धरायच्या आंधीच. नुसते ओठ हालून राहिले होते माये. त्या गोंधळात पंचाले आयकू गेलं नाई. तुमचा शर्ट फाटला असता, त मी चोरीनं जिंकलो असतो."

मग त्याने बाकीचंही सांगितलं. सगळं गाव अकोल्याला शिव्या घालत होतं, त्याच्या पाठीवर हात ठेवत होतं. तेव्हा खरं बोलायचं धाडस झालं नाही, आणि पुढे इतका उशीर झाला की बोलायला तोंड उरलं नाही. मास्तर ते स्वतःच्या अंगावर घेऊन बसलेत, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

मास्तर आत गेले, तांब्याभर पाणी प्यायले, परत आले. त्यांनी गळ्यातला टेप काढून मशीनवर टाकला. "साडेतीन इंच लिवले होते मी," ते म्हणाले. "टेपावर इस्वास ठेवला, अन् बावीस वर्स एक चांगली शिलाई नाई मारली. अन् तू आता सांगून राहिला लेका?"

दिगू पाया पडायला वाकला, तर मास्तरांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि घरी जायला सांगितलं, आता मला काम आहे म्हणून. त्या दिवशी ते दिवे लागेपर्यंत मशीनवरून उठले नाहीत. मी मधेच डोकावलो तर मान वर न करता म्हणाले, की तुझ्या शाळेतल्या पोरांनाही आता खरं काय ते सांग. माझी सोमवारची पहिली तासिका फार वाईट गेली, एवढंच इथे सांगतो.

अकोल्याला मास्तर आमच्याबरोबर आले. त्या फायनलनंतर ते मैदानावर पहिल्यांदाच येत होते. खिशात सुई-दोरा घेऊन, मॅटच्या अगदी कडेला, पंचाच्या खुर्चीजवळ बसले. दुसऱ्या सामन्यात ज्याला मास्तर भीत होते नेमकं तेच झालं. वैष्णवी हात लावून परत फिरली आणि कोपऱ्यातल्या मुलीची मूठ तिच्या टी-शर्टात बसली. मी मास्तरांकडे पाहिलं, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. शिलाई काही सुटेना, म्हणून ती मूठही सुटेना. कापड वीतभर ताणलं गेलं, सगळ्या मैदानाला दिसलं, पंचालाही दिसलं. शिट्टी वाजली, पकड रद्द झाली, गुण आम्हाला मिळाला. कच्चा टाका असता तर पोरगी सुटली असती, पण लोकांसमोर फाटलेल्या कपड्यात; पक्क्या टाक्याने गुणही राखला आणि अब्रूही. ही गोष्ट मास्तरांना समजावून सांगायला मला परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरपर्यंत वेळ लागला.

मुली उपांत्य सामन्यात हरल्या. वैष्णवी रडली, मग तिने सगळ्यांना वडे खायला लावले. मास्तरांनी प्रत्येकीची बगलेची शिलाई बोटाने चाचपून पाहिली आणि एकही टाका घालावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाकावर वाद सुरू झाला तेव्हा मास्तरांनी मशीन थांबवलं आणि नवा निकाल सांगितला. पहिली टीम शामरावभाऊंची. दुसरी पोरींची, ती अजून वाढतेय म्हणून. तिसरी आमची. मॅटवाली पोरं चौथी. शामरावभाऊ इतके चकित झाले की त्यांना आनंदही करता येईना. मी खवळलो. बावीस वर्षांचा पहिला नंबर असा एका संध्याकाळी काढून घेतात का? मास्तर शांतपणे म्हणाले, "तवा मी तुमचं देनं लागत होतो. आता खरं सांगून राहिलो." सगळ्यात मोठ्याने हसला तो दिगू. मी दोन दिवस बाकावर गेलो नाही, हेही कबूल करतो. पण त्या महिन्यात मास्तर जेवढे मोकळे हसताना दिसले, तेवढे मला आधी कधी आठवत नाहीत. गावातल्या लोकांच्या पँटीसुद्धा उसवायच्या थांबल्या.

हिवाळ्याच्या शेवटी मास्तर गेले. फार आजारी पडले नाहीत, दुपारचे झोपले ते उठले नाहीत. तेरवीला आम्ही सगळे जमलो. जेवणं झाल्यावर पंगतीच्या जागेवरच माणसं टेकून बसली आणि बोलता बोलता कोणीतरी टीमचा विषय काढलाच. शामरावभाऊ मनाचे मोठे. ते म्हणाले, मास्तरचा जीव दिगूच्या टीममध्ये होता, आजपासून ती पहिली धरा, आमचं काही म्हणणं नाही. मॅटवाल्यांनीही माना डोलावल्या. मीही हो म्हणणारच होतो.

दिगू मांडवाच्या खांबाशी वैष्णवीला घेऊन बसला होता. तो उठून उभा राहिला.

"नाई," तो म्हणाला. "आमी तिसरेच. मास्तरनं हासत देल्ला हाय तो नंबर."

त्यावर कोणीच वाद घातला नाही.