मनगटाची पट्टी

आमच्या गल्लीतल्या मावशी कडक भाकरी करून विकतात. मदतीला दोन बायका ठेवल्या, चुली वाढवल्या, तरी दुपारपर्यंत भाकऱ्या आपल्या तेवढ्याच. कारण त्या बायकांनी थापलेली प्रत्येक भाकरी तव्यावर जायच्या आधी मावशी आपल्याकडे ओढायच्या आणि "कड लई जाड हाय की!" म्हणत पुन्हा थापायच्या. बायका पिठाचे हात घेऊन वाट बघत बसायच्या. मला तर आधीची कड आणि नंतरची कड सारखीच दिसायची, पण हे मावशींना सांगणार कोण?

मग एकदा मावशींचं मनगट मुरगळलं. पट्टी बांधून त्या पाटावर नुसत्या बघत बसल्या. त्या दिवशी भाकऱ्या दुप्पट झाल्या आणि एकाही गिऱ्हाइकानं कडेबद्दल चकार शब्द काढला नाही. मावशींचं तोंड मात्र एवढंसं झालं होतं.

दोन महिन्यांनी पाहतो, तर पट्टी तशीच.

"मावशी, अजून दुखतंय?"

"न्हाय की. कवाच बरं झालं."

"मग पट्टी कशाला?"

मावशींनी थापणाऱ्या बायकांकडे चोरून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "सोडली की हात गप बसत न्हाय, बाबा."