मृणालिनीबाईंनी वगळलेले खून

रघु घाडीनं दादरच्या मृणालिनी गुप्ते यांच्या दारावर पहिली थाप मारली, तेव्हा गच्चीवरची कबुतरं उडाली ती थेट भायखळ्याला जाऊन बसली. दुसऱ्या थापेसरशी तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरकडे बसलेल्या पेशंटची दाढ आपणहून बाहेर आली. तिसरी थाप मारेपर्यंत दार उघडलं होतं. त्यामुळे ती हवेत गेली आणि तिच्यामागोमाग रघु, त्याची पांढरी काठी आणि त्याची बाही धरून मागे ओढणारी बायको ललिता, असा सगळा संसार बाईंच्या हॉलमध्ये येऊन पडला.

"खून कुठायत?" रघु गरजला.

"कोण आपण?" अडुसष्ट वर्षांच्या मृणालिनीबाईंनी चष्मा सावरत विचारलं.

"तुमचा सत्कार करायला आलोय!"

आणि खरंच त्याच्या हातात नारळ होता.

लालबागच्या चाळीत वाढलेला रघु तरुणपणी कबड्डी खेळायचा. खेळायचा म्हणजे माणसं मोडायचा. त्याच्याशी सामना ठरला की परळचे संघ मैदानाआधी हाडवैद्य बुक करायचे. बाविसाव्या वर्षी एका चढाईत डाव्या डोळ्यावर लाथ बसली आणि तो डोळा गेला. उजवा पंचेचाळिशीत डायबेटिसनं नेला. त्यालाही आता अकरा वर्षं झाली होती.

डोळे गेल्याचं रघुनं फारसं मनावर घेतलं नाही. त्याचं दुखणं वेगळंच होतं. आंधळा झाल्यापासून त्याला कोणी मारेना. भर नाक्यावर तो एखाद्याची कॉलर धरायचा, आईबहिणीवरून सुरुवात करायचा, तर समोरचा "सॉरी हां काका" म्हणून त्याचा हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा. पलीकडे त्याचं काही काम नसायचं.

शेवटी लेकीनं, मेघनानं, त्याला वाचून दाखवणारं अॅप फोनमध्ये घालून दिलं. फोन म्हणाला, "बटण. दोनदा टॅप करा." रघुनं दोनदा टॅप केलं. काच गेली. दुसऱ्या फोनवर मात्र तो शिकला आणि मग असा सुटला की बघायला नको. मारामारीची पुस्तकं तो दुप्पट वेगानं ऐकायचा. ललिताला तो आवाज कढईत पापड तडतडल्यासारखा वाटायचा, पण नवरा त्या पापडात रमतोय, चाळीत कुणाच्या अंगावर जात नाही, हेच तिला खूप होतं.

हे सगळं त्या गोदीतल्या टोळीयुद्धाच्या कादंबरीपर्यंत.

एक्केचाळिसाव्या पानावर मुकादम धक्क्यावर विडी ओढत उभा होता. बेचाळिसाव्या पानावर त्याच्या तेराव्याचं जेवण चालू होतं. रघुनं मागे जाऊन तीनदा ऐकलं. "गो ललिता, खून खंय गेलो?" पुढे नायक कोयता घेऊन सात जणांच्या खोलीत शिरला. रघु उठून उभा राहिला, मुठी वळल्या. फोन म्हणाला, "तिथे थोडा वाद झाला. पुढे सर्वांचे गैरसमज दूर झाले." त्याच्या पुढच्या पानावर नायकाला एकच हात होता.

रघुनं त्या रागात भिंतीवर गुद्दा मारला. शेजारच्यांच्या मांडणीवरचे डबे खाली आले.

पुस्तकाच्या शेवटी फोननं नाव वाचलं होतं, "मजकूर टंकलेखन आणि तपासणी, मृणालिनी गुप्ते, स्वयंसेविका." त्यानं अॅपवर पुस्तकं चढवणाऱ्या संस्थेला फोन लावला आणि सत्कार करायचाय म्हणून पत्ता मागितला. सत्कार म्हटल्यावर मुंबईत पत्ता कोण नाकारतो?

"ते उतारे मीच गाळले," मृणालिनीबाई आता ताठ उभ्या राहून सांगत होत्या. "एकोणीस. फार बीभत्स होते हो. आधीच तुम्हा लोकांना डोळे नाहीत, वर आणि जिवाला त्रास कशाला?"

"डोळे गेलेत मॅडम, आतडी शाबूत आहेत! मला पूर्ण पुस्तक पाहिजे!"

"अहो, हळू बोला," ललिता म्हणाली.

"पूर्ण!" म्हणत रघुनं नारळ जमिनीवर आपटला. फरशीला तडा गेला, पाणी सोफ्यावर उडालं आणि करवंटीचा तुकडा कपाटाची काच फोडून आत गेला. कपाटात बाईंच्या नवऱ्याचा फोटो होता.

विमा कचेरीत पस्तीस वर्षं काढलेल्या मृणालिनीबाईंनी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. त्यांनी रघुची पांढरी काठी हिसकावली आणि त्याच्या नडगीवर मारली. मग दुसऱ्या नडगीवर. मग, हात बसल्यावर, खांद्यावर.

"निर्लज्ज! माजोरडा! आंधळा झालास म्हणून कुणाच्या घरात काहीही करशील?"

ललिता किंचाळली. रघु खाली बसला. नडगी सुजायला लागली होती आणि चेहऱ्यावर असं हसू पसरलं होतं, जसं ललितानं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

"अकरा वर्षांनी कोणीतरी मारलं गो ललिता," तो म्हणाला. मग बाईंच्या दिशेनं मान वळवून, "मॅडम, मला मारू शकता, मग मुकादमाला मारायला काय झालं?"

धापा टाकत बाईंनी काठी टेकवली, फळीवरून छापील पुस्तक काढलं आणि एक्केचाळिसावं पान उघडलं.

"'कोयता मानेत रुतला,'" त्यांनी हळदीकुंकवाला बोलावल्याच्या सुरात वाचलं. "'तो निघेना, म्हणून त्याने छातीवर पाय दिला...' शी! ललिताबाई, पाणी द्या हो जरा."

"पुढे!" रघु ओरडला.

तिसऱ्या खुनापर्यंत बाईंचा आवाज चढला होता. पाचव्याला त्यांनी काठी पुन्हा हातात घेतली होती आणि पुस्तकात आतडी बाहेर येताना ती काठी सोफ्यावर आपटत होत्या. सात जणांच्या खोलीत तर त्यांनी ललिताला भिंतीशी उभं करून कोण कुठून आला ते दाखवलं.

पंधरा दिवसांत एकोणीसच्या एकोणीस खून अॅपवर आले. रघुनं दार लावून घेतलं, वेग दुपटीवरून साधा करून पहिल्या पानापासून पूर्ण कादंबरी ऐकली. फोन काही सोफ्यावर काठी आपटत नव्हता; ऐकताना त्याला दोनदा झोप लागली.