दत्ता मुकादमाची शिफ्ट

सळई कापली की टोकाचे तुकडे उरतात. कुणी मुद्दाम ठेवत नाही, तरी संध्याकाळपर्यंत ढीग होतो. माझ्याकडं किस्से असेच जमले. जालन्याच्या एमआयडीसीत एका सळईच्या मिलमध्ये मी सतरा वर्षं कॅन्टीन सांभाळलं. पोळ्या लाटणाऱ्या बाईसमोर माणसं काहीही बोलतात, तिला कान नाहीत असं धरून चालतात. आणि मला लिहून ठेवता येत नव्हतं, त्यामुळं विसरायचीही सोय नव्हती!

हे किस्से दिवसाच्या शिफ्टचे. बारा माणसं. काम ऐकायला सोपं. भट्टीतून लाल तुकडा येतो, एकानं तो सांडशीनं धरून रोलमध्ये घालायचा, पलीकडून निघाला की दुसऱ्यानं धरून परत फिरवायचा. तो दर फेरीला लांब होतो, बारीक होतो, सापासारखा पळतो. पकड चुकली की उडतो. म्हणून अर्धा तास लाइनवर उभं राहायचं आणि अर्धा तास बाहेर यायचं, असा तिथला रिवाज. अर्ध्या तासाच्या वर माणसाचं डोकं शिजतं.

* * *

आधी मुकादम होते रहीमचाचा. गेटवरच उभे राहायचे आणि आत येणाऱ्याचे डोळे बघायचे. कुणाला ताप आहे, कोण घरून भांडून आलाय, बघूनच कळायचं त्यांना.

एकदा गणपतची पोरगी दवाखान्यात होती. गणपत म्हणजे शिफ्टमधला सगळ्यात मुका माणूस, कुणाला काही बोलला नाही. चाचांनी त्याचा हात धरला आणि सरळ माझ्यापुढं आणून बसवला.

"मावशी, याला लसूण सोलायला दे. याचं ध्यान घरी हाय."

तीन दिवस गणपतनं लसूण सोलला आणि त्याच्या जागी चाचा स्वतः सांडशी घेऊन उभे राहिले. लसूण इतका झाला की दिवाळीपर्यंत पुरला! माल मात्र कमी निघाला. मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. "चाचा, ही मिल आहे का पाळणाघर?"

चाचा म्हणाले, "साहेब, आज माल कमी निघाला तं उद्या निघन. माणूस कुठून काढता?"

पुढच्या महिन्यात चाचा गेटवर बसून ट्रकचे नंबर उतरवत होते. मी चहा घेऊन गेले तर हसले. म्हणाले, "बराबर केलं त्यांनी. आता कोणता ट्रक आजारी दिसला तं तुझ्याकडंच धाडतो लसूण सोलायला!"

* * *

त्यांच्या जागी दत्ता आला. परतूरकडचा, चाळिशीचा. सगळ्या एमआयडीसीत त्याच्यासारखी सांडशी कुणाची चालत नाही म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यानं कॅन्टीनमधला बाक उचलून बाहेर ठेवला.

मी म्हणाले, "अरे दत्ता, माणसं बसतील कुठं?"

"बसलेलं माणूस उठायला जड जातं मावशी. चहा प्यायचा अन् निघायचं."

त्या दिवसापासून सगळे उभ्यानं चहा प्यायला लागले. आमच्याकडं एक बाबू होता, तोंडाचा पट्टा कायम चालू. तो म्हणाला, "मावशी, मला कपात देऊ नको. डायरेक बुटात ओत. उभ्यानं पिलं की तिथंच जाऊन राह्यलाय!"

दत्ताला हे ऐकू गेलं. हसला नाही. पण हेही सांगितलं पाहिजे, तो स्वतःसुद्धा कधी बसला नाही. भाकरी हातात घ्यायचा, वर चटणी, आणि दारात उभा राहून शेडकडं बघत खायचा. कुणाची पकड ढिली झाली की भाकरी टाकून पळायचा.

* * *

त्याच दिवसांत पुण्याहून एक ट्रेनिंगवाले सर आले. मालकानं बोलावले होते. कॅन्टीनच्या खिडक्यांना चादरी लावल्या, भिंतीवर मशीननं सिनेमा लावला. जुना, काळा-पांढरा, इंग्रजी. लढाईतली विमानं, बाँब टाकायला जाणारी. सर म्हणाले, "यातून लीडरशिप शिकायची. ताण कसा घ्यायचा, माणसं कशी चालवायची."

माणसं भट्टीवरून आलेली. अंधार आणि वर पंखा! पाच मिनिटांत निम्मे घोरायला लागले. मी मात्र पोळ्यांच्या खिडकीतून सगळा बघितला. भाषेची गरज पडली नाही. एक मोठा साहेब होता, सारखा ओरडायचा. पोरं विमानात चढताना एकमेकांकडं बघत नव्हती. ते मला ओळखीचं होतं. आमची माणसंही लाइनवर जाताना एकमेकांकडं बघत नाहीत.

मध्येच सरांनी मशीन बंद केलं, दिवा लावला. "बोला, काय शिकलात?"

मग बाबू डोळे चोळत उठला. "साहेब, त्या लोकांचं एक लय भारी हाय."

"हां, बोला बोला!"

"ते बसून काम करतेत!"

* * *

खोटं कशाला बोलू, दत्ताच्या हाताखाली माल वाढला. शिव्या दिल्या, सुट्ट्या बंद केल्या, पण आधी उडायच्या तेवढ्या सळया आता उडेनात. माणसांच्या चालीत फरक पडला. मान वर करून चालायला लागले.

रात्रपाळीतला एक जण एकदा कॅन्टीनमध्ये म्हणाला, "तुमचा दत्ता म्हंजे राक्षस हाय, राक्षस!"

बाबूनं ताटातलं वरण त्याच्या शर्टावर ओतलं. "राक्षस हाय, पन आमचा हाय! तुमचा मुकादम देव असन, पन त्याला तुमची नावं तरी ठाव हायेत का?"

मी बाबूला बाजूला घेतलं. "अरे, कालच तू त्याला यापेक्षा वाईट बोलला होता."

"मी बोलू शकतो मावशी. मी त्याच्या शिव्या खाल्ल्यात!"

* * *

वर्षभरानं ते सर परत आले. दत्ताच्या नावाचं सर्टिफिकेट आणलं होतं, काच लावलेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "त्या फिल्ममधला लीडर आठवतोय ना? हा आपला तसाच!"

दत्तानं सर्टिफिकेट घेतलं. मग हळूच विचारलं, "साहेब, तो मोठा साहेब शेवटी घरी गेला का?"

"कोण?"

"शिनेमातला. तुम्ही मधीच बंद केल्ता. त्याचं पुढं काय झालं?"

सर जरा गोंधळले. म्हणाले, "तो भाग आपल्या कोर्समध्ये नाही."

दत्तानं मान हलवली, सर्टिफिकेट माझ्याकडं दिलं आणि शेडकडं गेला. त्याचे डोळे त्या दिवसांत लाल असायचे. गेटवर चाचा मला म्हणाले, "मावशी, सगळ्यांचे डोळे बघणारा पायजे म्हणून मुकादम ठेवतेत. मुकादमाचे कोन बघायचे?"

* * *

खंडेनवमीला मिल बंद. त्या दिवशी सांडश्या धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू, झेंडूची फुलं. संध्याकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मी पुरणपोळी केली होती. त्या दिवशी दत्तासुद्धा पंगतीला खाली बसला, हेच मोठं.

वाढता वाढता माझं लक्ष गेलं. त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि थोड्या थोड्या वेळानं मूठ मिटायची, मनगट वळायचं, मूठ उघडायची. परत मिटायची. बराबर लाइनच्या ठेक्यात. तोंडानं जेवतोय, बोलतोय, आणि हात तिकडं सळया धरतोय!

बाबूला दिसलं. ओरडला, "मुकादम, ती सळई जाऊ द्या आता. पोळी गार झाली!"

सगळे हसले. दत्तानं हाताकडं बघितलं. दुसऱ्या हातानं तो दाबून धरला. हसणं आपोआप थांबलं.

* * *

पावसाळ्यात एक दिवस दोघं कामावर आले नाहीत. बाबूचा अर्धा तास संपला होता. त्यानं मागं बघितलं, बदलीला कुणी नव्हतं. दत्ता म्हणाला, "अजून एक फेरी धर. जल्दी."

एकच फेरी. सळई उडाली आणि बाबूच्या पायाभोवती फिरली. मी भांडी घासत होते. एवढ्या आवाजात मला फक्त त्याचाच आवाज ऐकू आला.

डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. चार दिवसांनी आम्ही सगळे भेटायला गेलो. दत्ता वॉर्डच्या दारातच थांबला, आत येईना. बाबूनं त्याला बघितलं. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले, तरी म्हणाला, "या मुकादम! आता मला बी त्या विमानवाल्यावानी बसून काम!"

आम्ही हसलो. काय करणार, तो हसायलाच बोलला होता. दत्ता जिन्यानं खाली उतरून गेला.

* * *

दुसऱ्या दिवशीपासून दत्तानं बाबूच्या जागेवर कुणाला उभं राहू दिलं नाही. तिथं तोच. अर्धा तास झाला, तास झाला, शिफ्ट झाली, तोच. गणपत सांडशी घेऊन पुढं गेला तर त्याला ढकलून दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गणपत माझ्याकडं आला. कधी न बोलणारा माणूस! म्हणाला, "मावशी, मुकादमाला आता सळई दिसून न्हाई राह्यली. अंदाजानं धरून राह्यलाय. तूच चल."

कॅन्टीनच्या बाईनं शेडमधल्या पिवळ्या पट्ट्याच्या आत जायचं नाही, असा नियम. सतरा वर्षांत मी तो पहिल्यांदा मोडला. आत गेले तर उष्णतेनं पापण्या कोरड्या झाल्या. दत्ताचा शर्ट अंगावर सुकून मिठानं पांढरा झाला होता.

मी ओरडले, "दत्ता, जेवायला चल!"

"लाइन बंद हाय का मावशी?"

"न्हाई."

"मंग कसं येऊ?" त्यानं एक सळई धरली, फिरवली. "मी आलो की इथं कोन तरी उभं राहीन."

मी परत फिरले. पण गणपत तिथंच होता, त्यानं ऐकलं. त्यानं आपली सांडशी भिंतीला टेकवली आणि माझ्या मागं कॅन्टीनमध्ये येऊन खाली बसला. मग दुसरा आला. मग भट्टीवरचा आला, तुकडे ढकलायचं सोडून. जाताना कुणीतरी रोल बंद केले. सगळे येऊन फरशीवर बसले, कुणी कुणाकडं बघेना. मिल गप्प झाली. पंख्याचा आवाज आला, बाहेर चिमण्यांचा आला.

थोड्या वेळानं दत्ता दारात आला. हातात सांडशी तशीच.

"लाइनवर कोन हाय?"

गणपत म्हणाला, "कोनी न्हाई, मुकादम."

"कोनीच न्हाई?"

"कोनीच न्हाई. समदे हितं हायेत."

दत्तानं एकेकाचं तोंड बघितलं. मग तिथंच उंबऱ्यावर बसला, पाठ चौकटीला टेकली आणि बसल्या बसल्या झोपला. गणपतनं त्याच्या बोटांतून सांडशी सोडवली, एकेक बोट उघडून.

मॅनेजरसाहेब धावत आले. "कुणी बंद केली मिल? कुणाची हिंमत—"

गणपतनं तोंडावर बोट ठेवलं. "हळू साहेब. आमचा माणूस झोपलाय."

साहेबांनी खाली बघितलं. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि गेटकडं गेले.

आमच्या मिलचा भोंगा शिफ्ट सुटायला गेटवरून वाजवतात. आसपासचे टपरीवाले त्यावर चहा टाकतात, बायका त्यावर पोरांना शाळेतून आणायला निघतात. बाबूचा पाय गेला त्या दिवशीसुद्धा तो वेळेवर वाजला होता.

दुसऱ्या दिवशी गेटसमोरचा चहावाला मला म्हणाला, "काय मावशी, काल भोंगा बिघडल्ता का?"

मी म्हणाले, "न्हाई."