पुसायला काढलेली तसबीर

राजापूरच्या अलीकडे रस्ता सोडून वीस मिनिटं कातळ तुडवला की बौद्धवाडी लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, असं तिथं कुणालाही विचारा. एकच उत्तर मिळायचं, ‘नंदाआतेला हाक मारा.’ मिळायचं म्हणतोय, कारण आता मिळत नाही.

मिशनच्या दवाखान्यात नंदानं सत्तावीस वर्षं आयाचं काम केलं. दवाखान्याला टाळं लागलं, पण बाईचे हात काही थांबेनात. पाठ सडलेल्या म्हाताऱ्यांच्या जखमा धुवायला ती चार-चार वाड्या हिंडायची. वरच्या वाडीतल्या ज्या घरानं तिच्या बापाला कधी पायरी चढू दिली नाही, त्याच घरातल्या आप्पांना ती रोज सकाळी पुसून कोरडं करायची. कुणी विचारलं, ‘राग नाय येत गो?’ तर म्हणायची, ‘येतो की! पण जखमेला जात नसते. वास असतो.’

येशूची प्रार्थना तिला दवाखान्यातल्या म्हाताऱ्या सिस्टरनं शिकवली होती. आईबाप मुंबईला, म्हणून नात शमिका आजीपाशीच वाढली. ती पोर तीन वर्षांची असताना तापानं फणफणली, तेव्हा नंदा उशाशी बसून तीच प्रार्थना घोकत राहिली. पोर वाचली. तेव्हापासून नंदा दर रविवारी राजापूरला एका खोलीत सात-आठ जणांबरोबर प्रार्थनेला बसायची. बाप्तिस्मा काही घेतला नव्हता. पौर्णिमेला विहारात वंदनेलाही हीच पहिली हजर. वाडीला सगळं ठाऊक होतं, कुणाच्या पोटात दुखत नव्हतं. ‘आते, आज तुझी रविवारची पाळी!’ एवढीच काय ती चेष्टा.

मग ते पाहुणे आले. डोळ्यांचं शिबिर घेऊन समुद्रापलीकडून आठ-दहा जण शाळेत उतरले. त्यांच्याबरोबर रत्नागिरीचा विनीत होता, त्यांचं बोलणं आम्हाला नि आमचं त्यांना सांगायला. रविवारी राजापूरच्या त्या खोलीत तोही प्रार्थनेला असायचा. त्यानंच नंदाचं नाव सांगितलं. कॅरल नावाची बाई तिच्यामागून आप्पांच्या घरी गेली, जखम धुताना पाहिलं आणि ओटीवर बसून ढसाढसा रडली. खोटं कशाला बोला, मनापासून रडली.

दुसऱ्या दिवशी विनीतला घेऊन ती न सांगता नंदाच्या दारात हजर! जयंती दोन दिवसांवर आलेली. जयंतीआधी आमच्याकडे घरोघरी तसबिरी खाली उतरवतात, काच पुसतात, नवा हार घालून पुन्हा लावतात. नंदा स्टुलावर चढून बाबासाहेबांची तसबीर उतरवत होती, बुद्धाची आधीच खाली भिंतीला टेकवलेली, आणि मागे खिळ्यावर येशूचं कॅलेंडर तेवढं लटकत होतं. कॅरलबाईनं मोबाईल काढला नि टिपलं. नंदा लाजली, पदर सारखा केला, चहा टाकला. पाहुणे जाताना तिनं काजूगरांची पिशवीही हातात दिली.

आठ महिन्यांनी कॅरलबाईच्या चर्चच्या मासिकाचं पान वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर येऊन पडलं. पानभर नंदा, हातात तसबीर. खाली मजकूर असा, की मूर्तिपूजकांच्या एका खेड्यात या वृद्धेनं आपल्या घराण्याचे जुने देव भिंतीवरून उतरवले आणि साऱ्या कुटुंबासह प्रभूला स्वीकारलं.

मूर्तिपूजक! अरे, ज्या वाडीनं छप्पन सालानंतर देव्हारे डोक्यावर घेऊन अर्जुना नदीत सोडले, तिला मूर्तिपूजक? आणि ते देव सोडायला सांगणाऱ्या बाबासाहेबांनाच देव? विचारायचं तरी, बाई, हे काय करतेस म्हणून! विनीत शेजारीच उभा होता की.

मंडळाचे धोंडूभाऊ मुंबईहून आले. नंदा त्यांच्या पुढ्यात तसबीर घेऊनच उभी राहिली. ‘पुसायला काढली होती रे धोंडू! तुझ्या घरी नाय काढत?’

‘मला ठाऊक हाय गो. तू माझ्या आईचं सगळं केलंस, मी काय आंधळा? पण मुंबईत घराघरांत हा फोटो फिरतोय. शमिकाचे सोयरे विचारतायत, मुलगी बौद्ध की ख्रिस्ती?’

शमिकाचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. लग्न लावणारा बौद्धाचार्य मंडळच पाठवणार, लग्नाची नोंदही मंडळच करणार. मंडळ अडलं की लग्न अडलं. धोंडूभाऊंनी खिशातून कागद काढला. विहारात सगळ्यांसमोर वाचायचा आणि खाली सही. माझा ख्रिस्ती धर्माशी संबंध नाही, कधी नव्हता, येशूची प्रार्थना मी करत नाही आणि करणार नाही.

नंदानं मुदत मागितली आणि राजापूरला जाऊन विनीतला गाठलं. ‘त्या बाईला लिही, खोटं छापलंय, काढून टाक. माझ्या नातीचं लग्न मोडेल.’ विनीतनं तिथंच मोबाईल काढला. त्यानं लिहिलं. उत्तर आलं ते असं, की अंक केव्हाच घरोघर पोचलाय, तो फोटो बघून कितीतरी जणांची श्रद्धा जागी झालीय, आता काढणं बरं दिसणार नाही. मात्र नंदाचा छळ होतोय हे कळल्यावर तिकडची अख्खी मंडळी तिच्यासाठी प्रार्थना करतेय.

‘छळ कोण करतंय म्हणावं!’ नंदा कडाडली. ‘प्रार्थना माझी मला येते.’

घरी शमिका वाट बघत होती. ‘आज्ये, वाचून टाक ना. कागदावर काय जातंय? मनात ठेव तुझा येशू.’

‘एक वाक्य खरं हाय, ते वाचते. मी ख्रिस्ती झालेली नाय. पुढलं नाय वाचता येणार.’

‘माझ्यासाठी पण नाय?’

या पोरीसाठीच तर ती प्रार्थना पहिल्यांदा ओठांवर आली होती. ‘त्या बाईनं खोटं लिहिलं म्हणून मी दारोदार रडत फिरते,’ ती म्हणाली, ‘नि आता मीच खोट्यावर सही करू? मग तिला कुठल्या तोंडानं बोल लावू गो?’

शमिका उठून आत गेली. रात्री तिनं बापाला फोन लावला. तिसऱ्या दिवशी बाप, म्हणजे नंदाचा मुलगा प्रज्ञेश, मुंबईहून आला आणि मंडळाशी ठरलेली तडजोड सांगून गेला. आजीनं सही करायची नाही, आणि मांडवात यायचं नाही.

लग्न राजापूरच्या हॉलमध्ये झालं. पत्रिकेत चुलत्यांची, मावशांची, आतेमामांची, अगदी दूरच्या भाचरांचीही नावं होती. नंदाचं नव्हतं. त्या सकाळी ती आप्पांकडे गेली, तर त्यांच्या सुनेनं ओटीवरच थांबवलं. ‘आम्ही दुसरी बाई ठेवलीय. तुमच्याबद्दल काय काय कानावर येतं, उगाच आमच्या घराला नाव नको.’ ज्यांच्या देवांशी तिचा काडीचा संबंध नाही, त्यांनाही ती आता बाटलेली दिसू लागली होती! आत आप्पा कण्हत होते. ते ऐकत ती पायऱ्या उतरली.

प्रज्ञेशनं लग्नाचे फोटो तिच्या मोबाईलवर पाठवले. तेवढी माणुसकी होती. रविवारी प्रार्थना संपल्यावर विनीत घुटमळत जवळ आला. कॅरलबाईचा निरोप होता. लग्न सुरळीत पार पडलं हे ऐकून सगळ्यांना फार आनंद झाला, प्रभूनं प्रार्थना ऐकली. पुढच्या अंकासाठी नातीबरोबर नंदाचा लग्नातला एक फोटो हवा होता.

नंदानं मोबाईल त्याच्या हातात दिला.

‘एकशे चाळीस हायत. बघ सगळे, नि कळव तिला, म्हातारी एकातही नाय.’