बाटलीतले स्वच्छ पाणी

आरमोरी तालुक्यातल्या त्या तलावाची केस माझ्या मनातून अजून गेलेली नाही. ठाण्याचा प्रभारी मी होतो आणि चूकही माझ्याच ठाण्यात झाली, म्हणून सगळे सरळच सांगतो.

मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबातल्या दोन भावांपैकी धाकटा एका सकाळी तलावात मृतावस्थेत सापडला. आम्ही आकस्मिक मृत्यूची नोंद केली. दुपारी नाव न सांगता एकाचा फोन आला. "साहेब, दोघा भावांचं काल जाळ्यावरून लय वाजलं होतं. मोठ्यानंच मारून फेकला असन." तेव्हापासून थोरला माझ्या डोक्यात बसला. तो रडत नव्हता, आणि न रडणाऱ्या माणसावर पोलिसाचा डोळा आधी जातो.

शवविच्छेदनात मृत्यूचे कारण ठरेना. मग मांडीचे हाड आणि तलावाच्या पाण्याची बाटली प्रयोगशाळेत पाठवली. जिवंत माणूस बुडाला की पाण्यातले डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाचे सूक्ष्म शेवाळ, रक्तातून हाडाच्या आतपर्यंत पोचते. अहवाल आला: पाण्यात डायटम भरपूर, हाडात एकही नाही. म्हणजे मेल्यावर पाण्यात टाकला, असे मी धरले आणि थोरल्याला खुनाच्या गुन्ह्यात अटक केली.

चौकशीत तो एकच धरून बसला. "भावाले फिट येत होती जी. मी नाई मारलो." कोठडीत आलेल्या प्रत्येकाकडे कुणाचा तरी आजार तयार असतो, असे मी हवालदाराला हसून म्हणालो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

मग त्यांची आई जबाबाला आली. "एक पाण्यानं नेला, दुसरा तुमी नेऊन राह्यले," एवढेच ती म्हणाली. मी तिला पाण्याच्या नमुन्याचा पंचनामा वाचून दाखवू लागलो. 'पाणी रंगहीन, स्वच्छ' या शब्दांवर तिने मान वर केली.

"हे कोणत्या तलावाचं पाणी जी? आमचं पाणी तं तवा हिरवंकच्च होतं. मासे मोठे व्हावे म्हणून मच्छी सोसायटीवाल्यानं खत टाकलं होतं. म्हशी बी तोंड लावत नोहत्या."

मी हवालदाराला विचारले. तो गडबडला. "काठाले घाण होती साहेब. तलावात नहराचं पाणी पडते, तिथून भरलो. तपासणीले घाण पाणी कसं पाठवाचं?" ती बाटली मी न पाहताच सही करून पाठवली होती.

कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी उलगडा केला. खताने पाण्यात स्फुरद वाढले आणि नत्र अपुरे पडले. निळे-हिरवे शेवाळ नत्र हवेतून घेते, डायटमला ते जमत नाही. त्यात हे शेवाळ वर तरंगून ऊनही अडवते, आणि डायटम उपासमारीने संपतात. मुद्देमालात मृताचा सदरा होता. त्यावरचा वाळलेला हिरवा थर तपासला, तर निळे-हिरवे शेवाळच शेवाळ, डायटम जवळजवळ नाहीच. बाटलीतले डायटम नहराचे, म्हणजे कालव्याच्या पाण्यातले होते. तलावाच्या पाण्यातच नव्हते ते हाडात कुठून येणार? आरोग्य केंद्रात धाकट्याच्या फिटच्या गोळ्यांची नोंदही निघाली.

न्यायालयात तसा अहवाल दिला आणि थोरला सुटला.

संशय घेणे हे आमचे कामच. पण मी तो माणसांवर घेतला, माझ्याच शिक्क्याच्या बाटलीवर घेतला नाही, एवढे मला या केसने शिकवले.

सुटल्यावरही गावातले त्याला नावेत घेईनात. म्हणून मी स्वतः चावडीवर जाऊन सगळ्यांना तो अहवाल समजावून सांगितला. लोकांनी शांतपणे ऐकले. शेवटी मागून एक म्हातारा उठला.

"यानं काई केलंच नोहतं, तं याले नेलं कायले होतं साहेब?"

थोरला माझ्या शेजारीच उभा होता. मी पुन्हा शेवाळापासून सांगायला सुरुवात केली, पण लोक उठून जायला लागले होते.