रसिकभाईंना कसं वाटतंय?

माझ्यामुळे आमच्या सोसायटीतला एक पूर्ण सुखी माणूस दुःखी झाला, आणि त्याबद्दल विद्यापीठाने मला एम.ए. ही पदवी दिली.

हे घडलं बडोद्यात, कारेलीबागेत, घरोघरी ब्रॉडबँड नुकतं येऊ लागलं होतं त्या काळात. कोयलीच्या बाजूला एका रासायनिक कारखान्यात मी चोवीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. म्हणजे दिवसभर लोकांना सांगायचं : हेल्मेट घाल, इथे उभा राहू नकोस, ती बिडी विझव आधी! मग कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. (त्यातली इच्छा कारखान्याची, निवृत्ती माझी.) पन्नाशीत मी घरी बसलो आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या बायकोला, सुनंदाला, गॅसपाशी किती अंतरावर उभं राहावं ते समजावून सांगितलं. आठव्या दिवशी तिने वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून माझ्या ताटाशेजारी ठेवली. ‘घरबसल्या ऑनलाइन एम.ए. समुपदेशन.’

“हे काय?”

“तुम्हाला लोकांशी बोलायची हौस आहे ना? मग शिकून बोला.”

मी नाव घातलं. जाहिरातीत एक गोष्ट मात्र लिहिलेली नव्हती. ती पहिल्या धड्यात निघाली. समुपदेशकाने सल्ला द्यायचा नसतो! त्याने ऐकायचं, ऐकलेलं आपल्या शब्दांत समोरच्याला परत सांगायचं आणि विचारायचं, ‘तुम्हाला कसं वाटतंय?’ झालं, एवढंच. आता आमचे आजोबा संस्थानच्या नोकरीत वहिवाटदार, वडील हेडमास्तर, मी सेफ्टीत. तीन पिढ्या आमच्या घरात कुणी कुणाला कसं वाटतंय हे विचारलेलं नाही. काय करायचं ते सांगितलेलं आहे.

पण मी जिद्दीला पेटलो. सराव घरातच सुरू केला.

“अहो, भाजी संपलीय,” सुनंदा म्हणाली.

“भाजी संपल्यामुळे तुला रिकामं रिकामं वाटतंय.”

“मला तुम्हाला पिशवी घेऊन मंडईत पाठवावंसं वाटतंय. निघा!”

तेव्हा सरावासाठी बाहेरचा माणूस शोधणं आलं. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये रसिकभाई राहायचे. मंगळ बाजारात भांड्यांचं दुकान, लहानपण दांडिया बाजारात मराठी मुलांत गेलेलं, त्यामुळे मराठी फर्डं, फक्त मधूनमधून गुजरातीत जाऊन यायचं. त्यांना कधीही ‘केम छो’ विचारा, उत्तर ठरलेलं, “जलसा!” आणि ते अगदी खरं होतं. मी एवढा निरोगी मनाचा माणूस दुसरा पाहिलेला नाही. वर्षभर बहुतेक रोज सकाळी त्यांना जिन्यात गाठून मी सराव केला.

“रसिकभाई, कसं वाटतंय?”

“सारूं छे, गुप्तेसाहेब!”

“खरंच सारूं वाटतंय?”

“हो… म्हणजे सारूंच ना?”

“आतून?”

रविवारी तर मी त्यांना घरी बोलावून अर्धा-अर्धा तास बसवायचो. बिचारे यायचे.

शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा आली. कॅमेऱ्यासमोर अर्धा तास खऱ्याखुऱ्या माणसाचं समुपदेशन करायचं आणि परीक्षक तिकडे आपल्या गावी बसून ते बघणार. माझ्या परीक्षक नागपूरच्या बाई होत्या. अट एकच, क्लायंट नात्यातला नको. अट घालणाऱ्याला बडोदं माहीत नव्हतं. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत एकमेकांचा नातेवाईक नसलेला माणूस काढून दाखवा, मी पदवी परत करतो!

रसिकभाईंना दुःखच नसल्यामुळे परीक्षेसाठी ते बाद. मी गोत्रीला नव्याने राहायला आलेले एक कर्णिक मिळवले. तोंड कधी पाहिलेलं नव्हतं आणि दुःखं भरपूर. “कर्णिक आहेत, म्हणजे आपल्यातलेच, आधी चौकशी करा,” सुनंदा म्हणाली होती. पण अभ्यास माझा झाला होता, तिचा नाही. परीक्षा सुरू झाली. पाचव्या मिनिटाला कर्णिकांच्या दुःखात त्यांची आजी आली. आजीमागून आजीची धाकटी बहीण आली, आणि ती माझी आजी निघाली! कर्णिक रडायचे थांबले. “म्हणजे तू बाळूकाकांचा मुलगा!” असं ओरडून त्यांनी कॅमेऱ्यासमोर मला मिठी मारली.

“परीक्षा रद्द,” स्पीकरमधून बाई म्हणाल्या. “गुप्ते, आता एकच संधी. पंधरा दिवसांत. त्यात नापास झालात तर अभ्यासक्रम बंद.”

मी घाबरलो. खरं सांगतो, कारखान्यात सायरन वाजला तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. कारखाना गेला तसं माझ्या नावापुढचं सगळंच गेलं होतं. ही पदवी गेली असती तर मी उरलेलं आयुष्य नुसता खिडकीपाशी उभा राहणारा माणूस झालो असतो. मी चप्पल न घालता समोरच्या ब्लॉकची बेल वाजवली.

“रसिकभाई, मला क्लायंट पाहिजे. काहीतरी दुःख काढा. लहानसं चालेल.”

त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग म्हणाले, “एक आहे. पण खुर्शीवर नाय बोलणार. खुर्शीवर इंटरव्यू होतो. मनची वात हिंचक्यावर.”

वात म्हणजे गोष्ट, आणि हिंचका म्हणजे आमच्या हॉलमधला झोपाळा. बडोद्यात राहून आम्हीही तो टांगला होता. रविवारी सकाळी रसिकभाई इस्त्रीचा शर्ट घालून त्यावर बसले, मी समोर खुर्चीत, मागे संगणकावर डोळ्याच्या बुबुळाएवढा कॅमेरा. सुनंदाला गोपनीयतेच्या नियमाखाली स्वयंपाकघरात घालून दार लावलं. रसिकभाईंनी पायाने झोका दिला आणि ते कॅमेऱ्यातून बाहेर गेले.

“क्लायंट कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

“येतोय, मॅडम.”

ते आले. गेले. पुस्तकात लिहिलंय की क्लायंटच्या डोळ्यांत बघत राहावं, म्हणून मीही मान पुढेमागे करू लागलो.

“साहेब, पहिलं सांगा,” रसिकभाई पुढे येत म्हणाले, “इथे बोललेलं बाहेर नाय जात ना?”

“नाही.”

“कोणालाच नाय? सोसायटीत, शेजारीपाजारी, कोणालाच?”

“कोणालाच नाही. हा नियम आहे.”

“तर मग बोलतो. आमच्या सोसायटीत एक भाई आहे…” आणि ते मागे गेले.

मला आनंद झाला. दुःख निघालं! आणि कोण हा भाई, हे कळायची उत्सुकताही होती. मला दुसऱ्या मजल्यावरच्यांचा संशय आला.

“तो भाई रोज सवारे मला पकडते. विचारते, कसं वाटतंय? मी सांगते, सारूं. तो विचारते, खरंच सारूं?”

माझी मान हलायची थांबली.

“पन्नास वरस मला सारूं वाटत होतं, साहेब. एक वरसपासून दुकानात बसून मी विचार करते, सारूं वाटतंय तर यात गडबड काय आहे? गिऱ्हाईक पातेलं मागते, मी तवा देते!”

स्वयंपाकघरात एक स्टीलचं ताट पडलं आणि बराच वेळ गोल फिरत राहिलं.

आता नियमाप्रमाणे हे सगळं मी माझ्या शब्दांत त्यांना परत सांगायला हवं होतं. बाई बघत होत्या. संधी शेवटची होती. मी घसा खाकरला. “म्हणजे… त्या भाईंमुळे… तुमच्या मनाची शांतता गेली.”

“बराबर! सवारे स्कूटर चालू नाय करत मी. बंद स्कूटर गेटपर्यंत ढकलत नेते. आवाज झाला तर तो भाई खाली येते!”

स्कूटर ढकलताना मी त्यांना खिडकीतून कितीदा पाहिलं होतं. वरून ओरडून प्लग साफ करायला सांगत होतो मी, वर्षभर!

“पण त्या भाईंचा हेतू चांगला असू शकतो,” माझ्या तोंडून निघून गेलं. स्पीकरमध्ये बाई खोकल्या. क्लायंटपुढे तिसऱ्याची बाजू घेणं म्हणजे सरळ गुण कापले जाणं. मी जीभ आवरली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि पाठ केलेला प्रश्न विचारला. “तुम्हाला काय करावंसं वाटतं?”

रसिकभाईंनी पाय टेकून झोपाळा थांबवला.

“बोलून टाकावं वाटतं, भाई, बस कर. पण एक वात आहे.” ते खाली बघत म्हणाले, “त्याची नोकरी गेली ना. पहिलं सवारे डबा घेऊन कंपनीच्या बसने जायचा, सगळ्यांवर ओरडायचा, मस्त वाटायचं. आता खिडकीत उभा असते. मी नाय भेटलो तर तो कोणाला विचारणार? म्हणून रविवारे मी जातो त्याच्या घरी. बसतो थोडा. माणूस आहे ना आपला.”

वर्षभर मी त्यांना बरं करायला बोलावत होतो आणि ते मला सोबत करायला येत होते. माझे डोळे भरून आले, आणि समुपदेशकाने परीक्षेत रडावं की नाही हे कुठल्याच धड्यात नव्हतं. मी नुसता बसून राहिलो. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती, तेवढाच आवाज. असा किती वेळ गेला कोण जाणे. मग रसिकभाईंनीच निकाल लावला.

“बोललो तर हलकं वाटलं, साहेब. उद्या त्याला सांगणार. रोज नाय, फक्त रविवारे.”

“वेळ संपली,” बाई म्हणाल्या. “केस रिपोर्ट आठवड्यात पाठवा.”

कॅमेरा बंद केला तसा मी म्हणालो, “रसिकभाई, अहो, मला सरळ सांगायचं होतंत!”

“शुं?” त्यांनी अगदी निरागस चेहरा केला. “तुमी तर बोलले, इथे बोललेलं शेजाऱ्याला नाय कळणार!”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच बेल वाजवून, दारात उभं राहून, आदल्या दिवशी काही झालंच नाही अशा थाटात त्यांनी मला रीतसर सांगितलं. मीही पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकलं. मग ते खाली गेले आणि जिन्यापाशीच स्कूटरला जोरात किक मारली.

मी पास झालो. चांगला पास झालो! बाईंनी लिहिलं होतं की परीक्षार्थीने अवघड क्षणी सल्ला देण्याचा मोह टाळून दीर्घ मौनाचा फार समर्थ वापर केला आहे. सुनंदाने ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली. मग तिने पान उलटलं. मागे माझ्या केस रिपोर्टावरचा शेरा होता. रिपोर्टात ‘समस्येस कारणीभूत व्यक्ती’ असा एक रकाना होता आणि गोपनीयता सांभाळून मी तो अत्यंत तटस्थपणे भरला होता : ‘क्लायंटचा शेजारी. वय एक्कावन्न. उच्चशिक्षित, बुद्धिमान, रुबाबदार व्यक्तिमत्त्व.’

त्याखाली बाईंनी लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘क्लायंट असं काहीही बोलल्याचं रेकॉर्डिंगमध्ये आढळत नाही. तीन गुण वजा.’